खोट्या चिटबॉयचं प्रतिज्ञापत्र

माणसानं कौतुकाची हाव धरू नये, असं जाफरभाई मुलाणी चावडी रेडिओवर आठवड्यातून एकदा तरी सांगत. 'आजचा विचार' नावाचं दोन मिनिटांचं सदर होतं, त्यात. सांगायचे, आणि स्टुडिओच्या बाहेर पाय पडला की आधी फोन काढून बघायचे, कुणी काही लिहिलंय का. कुणी काही लिहिलेलं नसायचं.

लोक ऐकत नव्हते असं नाही. कळंबच्या बाजारपेठेमागं एका शिक्षणसंस्थेच्या गच्चीवर हा एवढासा रेडिओ, आणि पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले जाफरभाई तिथं रोज सकाळी साडेसातला 'न्याहारी' नावाचा कार्यक्रम हौसेनं करत. नळाला पाणी कधी येणार, कुठली एसटी रद्द झाली, कुणाची म्हैस दावं तोडून गेली, कुणाचा दहावा कुठं आहे. लोक ऐकायचे, हंडे भरायचे आणि कामाला लागायचे. पाणी वेळेवर आलं म्हणून निवेदकाची पाठ कोण थोपटतंय? आलं नाही तर मात्र शिव्या पाण्याच्या टाकीला नाही, जाफरभाईंना.

ही खंत त्यांनी शेजारी शिवपुत्र यांच्याजवळ बोलून दाखवली, आणि इथंच चुकलं. शिवपुत्र तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. त्यामुळं जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांच्याकडं मसुदा तयार असायचा.

"जाफरभाई, राग मानू नका," ते म्हणाले, "तुमचा कार्यक्रम म्हंजे सरकारी परिपत्रक. शहरातले रेडिओवाले बगा. कुणालाबी फोन लावतेत, थाप मारतेत, माणूस पार रडकुंडीला आला की सांगतेत, गंमत केली! लोक पोट धरून हसतेत."

"आणि ज्याला फोन केला तो?"

"तोबी हसतो. न हसून सांगतो कुणाला? सगळं गाव ऐकत असतंय."

घरात रुकसानाभाभी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता निकाल दिला, "नक्को जी. इस उमर में ये धंदे नक्को."

आता, बायकोनं नको म्हटलेली गोष्ट आणि वयावरून मारलेला टोमणा एकाच वाक्यात आला, की एकसष्ट वर्षांचा पुरुष काय करतो हे वेगळं सांगायला पाहिजे का? दुसऱ्या दिवशी 'फसला रे फसला' या सदराची तयारी झाली. रेडिओची केंद्रप्रमुख शिवकन्या, सव्वीस वर्षांची पोर. तिनं एकदा विचारलं, "सर, कुणाला त्रास नाही ना होणार?" जाफरभाई हसले. "अगं, माझ्या लंगोटीयाराला करतोय फोन. आण्ण्याला. तो काय करणार मला?"

आण्ण्या म्हणजे आण्णासाहेब. ढोकीच्या रस्त्याला लागून त्यांचं गाव, गावाबाहेर शेत आणि शेतात अडीच एकर ऊस. त्यांना कशानं फसवावं याचा जाफरभाईंनी फार विचार केला नाही. डिसेंबर-जानेवारीत ऊसवाल्याला एकाच गोष्टीनं फसवता येतं. तोड! ऊस लावणं आपल्या हातात असतं, तोडणं कारखान्याच्या. कारखान्याच्या गट ऑफिसातून तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाचा, म्हणजे चिटबॉयचा फोन येतो, 'उद्या तुमची तोड', आणि मग ऊसतोडीची टोळी येते. तो फोन येईपर्यंत माणूस आंघोळीला जातानासुद्धा मोबाईल साबणाशेजारी ठेवतो. आण्णासाहेबांच्या उसाला तुरे फुटून पंधरा दिवस झाले होते. उभा ऊस आतून पोकळ होत चालला होता आणि फोन काही येत नव्हता.

त्या गटाचा चिटबॉय भागवत. नाव चिटबॉय, वय पंचेचाळीस, आणि आवाज निम्मा तोंडातून, निम्मा नाकातून. जाफरभाईंनी नाकावर रुमाल धरला.

"हॅलो, गट ऑफिसातून भागवत बोलतोय. आण्णासाहेब, तुमची तोड निघाली. उद्या सकाळी सहाला टोळी येतीय. अठरा मानसं."

पलीकडून आण्णासाहेबांचा आवाज, "काय सांगता! आगं ए, बंद कर तो रेडिओ, काय ऐकू येईना! तोड आली, तोड! भागवतराव, देवासारखं बोललासा बगा. ठेवतो, हितं लई कामं पडलीत!"

आणि फोन बंद.

जाफरभाईंचा खुलाशाचा मजकूर कागदावर लिहून समोर ठेवलेला होता, 'आण्णासाहेब, दचकू नका, तुम्ही आहात चावडी रेडिओवर!' तो तसाच राहिला. पुन्हा लावला, लाईन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. आण्णासाहेब साऱ्या भावकीला तोडीची बातमी देत होते. काचेपलीकडं शिवकन्या तोंडावर ओढणी धरून हसत होती. जाफरभाईंनी श्रोत्यांना सांगितलं, "फसला रे फसला!" आणि गाणं लावलं.

ज्या माणसासाठी हे सांगायचं, त्याच्या घरचा रेडिओ त्याच माणसाच्या फोनपायी बंद केलेला. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कारण त्या दिवशी फोन आले. एक नाही, दोन नाही, अकरा! किराणा दुकानदार म्हणाला, नाक अगदी भागवतचं. एसटीच्या कंट्रोलरनं चहा पाजला. शिवपुत्र तर तहसीलसमोर टेबलावर थाप मारून म्हणाले, "बगा, म्या म्हणलो व्हतो!" मधल्या वेळेत आण्ण्याला फोन लावायचं जाफरभाईंच्या दोनदा मनात आलं, पण दोन्ही वेळा कुणीतरी कौतुक करत होतं, आणि कौतुक करणाऱ्याला मध्ये तोडणं बरं दिसत नाही. शिवाय अख्ख्या गावानं ऐकलंय, कुणीतरी सांगितलंच असेल. गावालाही नेमकं हेच वाटलं. कुणीतरी सांगितलंच असेल.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम आटोपून घरी आल्यावर रुकसानाभाभींनी ताटलीत उपमा वाढला आणि विचारलं, "आण्णाभाई काय म्हणले?"

"कशाबद्दल?"

"सांगितलं ना त्यांना, झूट था करके?"

उपमा तसाच राहिला. जाफरभाईंनी स्कूटी काढली.

शेताच्या तोंडाशी आले आणि त्यांनी स्कूटी तिथंच थांबवली. ट्रॅक्टर आत यावा म्हणून आण्णासाहेबांनी बांध फोडून वाट केली होती. ठिबकच्या नळ्या गुंडाळून कडेला लावल्या होत्या. पहिल्या उसापाशी हळदीकुंकू, नारळ. बाभळीखाली अठरा पत्रावळ्या मांडून त्यावर खडे ठेवलेले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. आणि आण्णासाहेबांची बायको धुरपदाबाई तीन दगडांच्या चुलीपुढं, येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या जेवणालाही झाली नसेल एवढी पालेभाज्या-शेंगांची भज्जी रटारटा शिजतेय, बाजरीच्या भाकरीची चवड कमरेएवढी. टोळी पहिल्यांदा फडात शिरते त्या दिवशी तिला जेवू घालायचं, हा त्या घरचा रिवाज. लांबून आलेली माणसं, उपाशीपोटी आपल्या उसाला कोयता लावू नये म्हणून.

आण्णासाहेब धुतलेली टोपी घालून रस्त्याकडं डोळे लावून बसले होते. सहापासून. आता साडेनऊ झाले होते.

"जाफऱ्या! बरं झालं आलास," ते उठले. "टोळीला जरा उशीर झालाय. ये, बस. धुरपदे, वाढ ह्येला."

इथं जाफरभाईंनी जे केलं ते त्यांनी पुढं काही दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. ते बसले. आणि जेवले. दोन भाकरी, वर भज्जी, वर पुन्हा भज्जी. प्रत्येक घासाला ठरवायचे, हा गिळला की सांगू. खऱ्याला वाट करून द्यायची तर तोंड आधी रिकामं पाहिजे ना! तिसरी भाकरी धुरपदाबाईंनी पुढं केली तेव्हा मात्र त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"वैनी," ते म्हणाले, "टोळी येणार नाही. तो फोन भागवतचा नव्हता. माझा होता. रेडिओवर गंमत..."

पुढं काही बोलायची गरज पडली नाही. आण्णासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जाफरभाई चाळीस वर्षं सरकारी खात्यात होते, शिव्यांची त्यांना सवय होती.

"सकाळधरनं रस्त्यानं लोक हसत चालले व्हते," आण्णासाहेब हळू म्हणाले. "मला वाटलं, माझी तोड आली म्हणून हसतेत."

धुरपदाबाई चुलीजवळून उठल्या. झाडाच्या फांदीला अडकवलेला त्यांचा लहानसा रेडिओ काढला, पदरानं पुसला. "भावजी, तुमी म्हणता आज पानी न्हाय, मी शेजारनीलाबी सांगते, हंडे भरून ठेव. तुमी म्हणलासा अमक्याचा दहावा, तर मी भाकरी बांधून गेले. तुमी बोलता तवा मी कधी इचारलं का, खरं हाय का म्हणून? घरातलं मानूस बोलतंय असं समजून ऐकलं." एवढं बोलून त्यांनी रेडिओ एका फडक्यात गुंडाळला आणि भाकरीच्या रिकाम्या दुरडीत तळाला ठेवला. भज्जी मग रस्त्याच्या कामावरच्या मजुरांना वाढली.

जाफरभाई घरी आले ते तोंड लपवून. सदर बंद केलं. पण तेवढ्यानं मिटेल एवढी ही गोष्ट लहान राहिलेली नव्हती.

चौथ्या दिवशी खऱ्या भागवतनं खरा फोन केला. "आण्णासाहेब, भागवत बोलतोय. उद्या तुमची तोड."

आण्णासाहेबांनी चार दिवस साठवलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. "आरं गाढवा! परत नाक धरून बोलाय लागलास व्हय? तुज्या त्या भागवत्याचं बसकं नाक ठेचून तुज्या हातात देतो का न्हाय बग! त्येचं खानदानच गेंगाणं!" आणखीही बरंच काही, जे इथं सांगता येण्यासारखं नाही. भागवत गरीब माणूस, सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि रजिस्टरात लिहिलं, 'शेतकऱ्याने तोड नाकारली.' टोळी पुढच्याच्या फडात गेली.

आण्णासाहेबांना हे संध्याकाळी शेजारच्या फडात कोयते वाजायला लागले तेव्हा कळलं. त्यांनी जाफरभाईंना फोन केला. आवाज चढलेला नव्हता. "जाफर, तोड खरी व्हती रं. आता म्हणतेत पुढची पाळी शिमग्यानंतर. तवर काय उरतंय? निस्ती चिपाडं." 'जाफऱ्या' न म्हणता 'जाफर' म्हणाले, हे जाफरभाईंना उसापेक्षाही जास्त लागलं.

सकाळी गट ऑफिस उघडायच्या आधी ते दारात उभे. आतला क्लार्क सभ्य होता, पण क्लार्क होता; आणि क्लार्कला कसं हाताळावं हे आपल्याला ठाऊक आहे, असं जाफरभाईंना चाळीस वर्षं वाटत आलं होतं. काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर कळलं, काही ठाऊक नाही.

"शेरा पडलाय," क्लार्क म्हणाला. "शेरा खोडायचा तर कारण पायजे."

"कारण मीच आहे. मी खोटा फोन केला होता, म्हणून त्याला खरा खोटा वाटला."

"असं तोंडी चालत न्हाय. तुमी खोटे होता ह्याला पुरावा काय?"

जाफरभाईंनी आयुष्यात असंख्य लोकांना दाखले आणायला पिटाळलं होतं. रहिवासाचा आण, हयातीचा आण. आपण खोटे असल्याचा दाखला कुठं मिळतो, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. क्लार्कनं यादी दिली: बाँडवर प्रतिज्ञापत्र, रेडिओचं सहीशिक्क्यानिशी पत्र आणि आवाजाची खात्री.

प्रतिज्ञापत्र शिवपुत्रांनीच लिहिलं. लिहिताना सल्ला काही आपण दिला नव्हता, असा एक परिच्छेद ते स्वतःच्या बचावासाठी घालत होते, तो जाफरभाईंनी काढायला लावला. बाकीचा मजकूर मात्र नमुनेदार उतरला. 'मी, जाफर मुलाणी, वय एकसष्ट, धंदा सेवानिवृत्त, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर दिवशी सकाळी मी भागवत नव्हतो. त्यापूर्वीही कधी नव्हतो. यापुढेही होणार नाही.'

पत्राला शिवकन्याकडं गेले. तिनं लिहिलं, 'आमच्या केंद्रावरून खोटे प्रक्षेपण झाले,' आणि पेन थांबवलं. "सर, यात नुसतं तुमचं नाव नको. मी काचेपलीकडं होते. बंद करायचं बटण माझ्या हाताखाली होतं, आणि मी हसत बसले." तिनं खाली स्वतःचंही नाव घातलं. संस्थेच्या सचिवांची बोलणी खायची तयारी ठेवून शिक्का मारला. त्या पोरीपुढं जाफरभाईंना आपलं एकसष्ट वय फार थोडं वाटलं.

राहिली आवाजाची खात्री. क्लार्कनं भागवतला बोलावून समोर उभं केलं. "हं, करा बरं तो आवाज."

"इथं?"

"मग कुठं करता? रजिस्टर हितं हाय."

जाफरभाईंनी खिशातून रुमाल काढला. नाकावर धरला. "हॅलो, गट ऑफिसातून भागवत बोलतोय..." बाजूच्या खोलीतून दोघं उठून आले. दारात तीन शेतकरी थांबले. "वा!" क्लार्क म्हणाला, "पन जरा थांबा, सायेब जेवाय गेलेत, त्यांच्यापुढं आनखी एकदा करावं लागंल." असं ते चार वेळा झालं. अकरा फोन आले होते त्या दिवसापेक्षा वाहवा इथं जास्त झाली. फक्त भागवत हसला नाही. तो खालच्या आवाजात म्हणाला, "जाफरभाई, मी खरंच आसा बोलतो व्हय?" जाफरभाईंनी रुमाल खिशात कोंबला. "नाही रे बाबा," ते म्हणाले, "तू चांगला बोलतोस. चूक झाली माझी. माफ कर." डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रुमाल आता बाहेर काढायची सोय नव्हती.

शेरा खोडला गेला. तोड परवा सकाळी सहा. "शेतकऱ्याला कळवा," क्लार्क म्हणाला. भागवतनं दोन्ही हात जोडले. "मी न्हाय करनार फोन. माज्या नाकापासून आजापर्यंत सगळ्यांचा उद्धार झालाय."

मग जाफरभाईंनी फोन केला. "आण्ण्या, परवा तुझी..." फोन बंद. स्कूटीवर गेले. आण्णासाहेबांनी शेरा खोडल्याचा शिक्क्याचा कागद उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. "रुमालाचा आवाज काढणाऱ्याला शिक्का काढाय किती येळ लागतो?" धुरपदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, ज्या तोंडानं जगाला खोटं सांगितलं, खरं त्याच तोंडानं सांगा. एकट्याच्या कानात नगं." जाफरभाईंनी हळूच आत पाहिलं. खुंटीवर रेडिओ नव्हता. तो असेल तिथंच असेल, दुरडीच्या तळाला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ते माईकपुढं बसले. काचेपलीकडं शिवकन्या, ओढणी खांद्यावर, हात बटणाशी. जाफरभाईंनी प्रतिज्ञापत्र पहिल्या ओळीपासून वाचलं. वय, धंदा, भागवत नव्हतो, सगळं. मग कागदावर नव्हतं तेही सांगितलं. "मित्राचा फोन कट झाला तेव्हाच मला उठून जायला पाहिजे होतं. मी तुमचं कौतुक ऐकत बसलो. आणि त्याच्या दारात पोचलो तर आधी जेवलो." हे सांगताना त्यांचा जो आवाज लागला त्याला चांगला आवाज म्हणता आलं नसतं. "आण्णासाहेब, उद्या सकाळी सहाला तुमची तोड आहे. रुमाल घरी ठेवून आलोय. हे खरं आहे."

गाणं लावायचं सुचेना, माईक तसाच चालू. तेवढ्यात स्टुडिओचा फोन वाजला.

"भावजी, धुरपदाबाई बोलते. किती मानसं येनार?"

"अठरा, वैनी."

"मग मी एकोनीसची भाकरी टाकते. तुमीबी या. पन आदी जेवाय न्हाय. वाढाय."

"येतो, वैनी. पाचलाच येतो," जाफरभाई म्हणाले, आणि त्यांच्या कानात काहीतरी घुमायला लागलं. येतो, वैनी, पाचलाच येतो. त्यांचाच आवाज, धुरपदाबाईंच्या चुलीमागून, जरासा उशिरानं. निवेदकाच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वैनी, आवाज घुमतोय, तेवढा तुमचा रेडिओ बंद करा."

"न्हाय करनार," धुरपदाबाई म्हणाल्या. "मागल्या खेपेला ह्यांच्या फोनपायी बंद केला, तवाच घात झाला. आता चालूच ऱ्हाईल. तुमी नीट बोला."